सात मनगटांची आजी

आमच्या कार्टूनच्या स्टुडिओत त्यांना सगळे पापणीकाका म्हणत. नवशिक्यांची चित्रं ते चष्मा पुसून, दोनदा बघून परत करत आणि वर म्हणत, "पापणी मेलेली आहे." बायको गेल्यावर तर माणूस नुसता टेबलाला चिकटला. लेकीलाही त्यांनीच तिथे लावली, पण ती कॉम्प्युटरवर. कागदाला हात लावणार नाही म्हणाली.

मी खर्चाचे अंदाज काढायची. त्या कामात दयामाया कशाशी खातात, मला विचारू नका.

मालकांना एका आजीची मालिका मिळाली. एकच प्रसंग तीन तऱ्हांनी करून बघू, म्हणाले: आजी खुर्चीतून उठते आणि दार उघडते. एकदा हाताने, एकेक चित्र काढून. एकदा कटआउट, म्हणजे आजीचे हात, मान, डोळे, ओठ सुटे काढायचे आणि कॉम्प्युटरवर बाहुलीसारखे जोडून हलवायचे. एकदा थ्रीडी. स्वस्त पडेल ते ठेवायचं. कागद महाग पडला तर कागदाचा विभाग बंद, हे त्यांनी काकांना तोंडावर सांगितलं. विभाग म्हणजे काका आणि त्यांच्या हाताखालचे तिघे.

थ्रीडी पहिल्याच फेरीत गेलं. निम्मा पैसा आजीच्या केसांनीच खाल्ला, आणि एवढं करून बाई दिसत होती उकडलेल्या बटाट्यासारखी. उरले दोन. आता गंमत बघा, कटआउटचे सुटे भाग काढणार कोण? काकाच. दुसऱ्या कोणाला धड रेघ ओढता येत होती?

इथे काकांच्या डोक्यात किडा वळवळला. कटआउट महाग पाडायचं. जितका वेळ जास्त, तितका खर्च जास्त. आजीला दोन मनगटं पुरली असती, ह्यांनी सात काढली. रागाचे ओठ वेगळे, रुसव्याचे वेगळे. नुसतं खरडूनही वेळ काढता आला असता, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. वाईट रेघ त्यांच्या हातून निघेचना. आणि एवढ्या लकबी आणायच्या कुठून? त्यांनी आपली बायको काढली. गुडघ्यावर तळवा टेकून उठणारी, बोलताना हनुवटी आत घेणारी.

आकडे आले. कटआउट कागदाच्या दुप्पट. काकांनी सगळ्यांना चहा पाजला. "बाई, शेवटी कागदच स्वस्त," मला म्हणाले. मी चहा प्यायले. आयता मिळतोय तर का सोडा?

मग मालकांकडे जाऊन म्हटलं, "आता दुसऱ्या प्रसंगाचा खर्च काढू या." कागदावर दुसरा प्रसंग म्हणजे पुन्हा तेवढीच चित्रं. कटआउटची आजी मात्र एकदा झाली की झाली. लेक बसली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आजी रुसली, हसली, दारापर्यंत जाऊन परत आली. नवी रेघ एक नाही. भागच इतके होते की काही कमी पडेना. काकांनी कामचलाऊ आजी दिली असती, तर ती तिथेच अडली असती आणि पुन्हा त्यांचेच पाय धरावे लागले असते.

काका मागे उभे होते. पडद्यावर आजी गुडघ्यावर तळवा टेकून उठली.

"आई अशीच उठायची," लेक खुशीत म्हणाली.

"काका, कमाल केलीत," मालक म्हणाले. "आता आजी काढायला कोणीच लागणार नाही."

ते मनापासून कौतुक करत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला कीव आली नाही, रागच आला. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढून माणूस एकाच प्रसंगावर हिशेब मांडतो?

विभाग बंद झाला. ते तिघे काकांशी बोलेनासे झाले. काका घरी बसले.

मालिकेच्या शेवटी आजी मरते. तिथे लेक अडली. मिटलेले डोळे होते, पण झोपेतले. मेलेल्या माणसाची पापणी कधी कधी पुरती मिटत नाही, खाली फट राहते. त्या घरात दोघांनीही ती पाहिली होती. लेक घरी बापाला म्हणाली, "बाबा, एक पापणी काढून द्या ना. आईची होती तशी."

दुसऱ्या दिवशी ती पापणी घेऊन आली. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी डोळे पुसले आणि विचारलं, "ह्याचे बाबांना किती द्यायचे?"

"अहो, घरीच तर काढलीय," ती म्हणाली. "शून्य धरा."

मी शून्य धरलं.