पहिली ओळ देवीची

पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा, मला ताईने शिकवली ती साडीच्या गठ्ठ्यावरून. माय घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. रोज सकाळी टेम्पोवाला आमच्या बमरोलीच्या खोलीसमोर गठ्ठा टाकून जातो. कॉलेजात डेटाबेसचा तास चालू असताना मी हमखास झोपायचे, म्हणून एका रविवारी ताईने मला त्या गठ्ठ्यापुढे बसवलं. "क्वेरी चालवली, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागितली, की असा गठ्ठा मिळतो. पण साडी एका वेळी एकच उचलायची. उचललेली परत गठ्ठ्यात जात नाही, पुढच्या वेळी पुढचीच हाताला लागते. गठ्ठा संपेपर्यंत उचलत राहायचं, त्याला लूप म्हणायचं." मायने मान वर न करता विचारलं, "मंग खडा कोन लावस?" ताई एवढी हसली की धडा तिथेच संपला.

ताई पर्वत पाटियाजवळच्या एका ऑफिसात साड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी साइट बनवते. त्यामुळे इथे येऊन राहिलेल्या खानदेशी लोकांच्या आमच्या मंडळाला वधू-वरांची साइट हवीशी झाली, तेव्हा ते काम फुकटात कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी धुसफुसले. ताई मात्र मजेत कामाला लागली.

आता आमच्यात लग्नाची पहिली पत्रिका कुलदेवीला. तिच्यापुढे ठेवल्याशिवाय माणसांना वाटायची नाही. मंडळातले एक आजोबा अडून बसले, की साइटवरही पहिलं नाव देवीचंच पाहिजे. ताईने समजावलं, "आजोबा, डेटाबेसला देवधर्म नसतो." आजोबा म्हणाले, "त्याला नसेल, आपल्याला आहे ना?" झालं, पहिली नोंद देवीची. तालुका, शिक्षण, उंची सगळं रिकामं. दुसरी नोंद ताईची, ती मायने हट्टाने करायला लावली. "लोकेसना लगनं लावस, तुनं बी नाव टाक."

सुरुवातीला मुलं-मुली एकाच यादीत होती आणि देवी सगळ्यांच्या वर. दोनच दिवसांत कुणीतरी मंडळाला फोन करून विचारलं, सगळ्यात वरच्या मुलीचा फोटो का नाही? ताईने कोडच्या एका ओळीत तोड काढली. यादी दाखवण्याआधी पहिली नोंद उचलून बाजूला ठेवायची आणि मग लूप सुरू करायचा. देवीचा मान राहिला आणि यादीही नीट दिसू लागली. पुढे तिने शोधायची सोय केली. मुलगा की मुलगी, गावाकडचा तालुका कोणता, हे निवडलं की तेवढीच नावं समोर यायची. पूर्ण यादी मग ताई आणि मंडळापुरतीच राहिली. पहिली नोंद उचलणारी ती ओळ मात्र होती तिथेच होती.

साइट छान चालली. कुणाकुणाची लग्नं जमली, घरी पेढे आले. ताईसाठी मात्र एकही फोन आला नाही.

मायने आधी फोटोला नावं ठेवली. उधन्याच्या स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढला, तो बदलून आणखी एक काढला. मग तिची नजर ताईच्या चष्म्यावर गेली, उंचीवर गेली, शेवटी रंगावर. डाळीचं पीठ, हळद, साय असं काय काय ताईच्या तोंडाला फासलं गेलं. ताई आधी थट्टेवारी न्यायची. मग तिने लग्नांना जाणं सोडलं. एकदा वेणी घालता घालता मला म्हणाली, "लोक बघत असतील ना गं माझा फोटो? बघतात आणि खाली सरकतात." मला धड बोलता कुठे येतं? मी खेकसले, "गाढव आहेत सगळे." तिला जवळ घ्यायला हवं होतं, हे मला फार उशिरा सुचतं.

अशा दोन दिवाळ्या गेल्या. मग डिंडोलीच्या काकूंनी एक स्थळ आणलं. माणूस वाईट नव्हता. ताईपेक्षा वयाने पुष्कळ मोठा, पहिली बायको वारलेली. अट एकच, नोकरी सोडायची. कॉम्प्युटर बिम्प्युटर घरात नको. ताई लगेच तयार झाली. भाजी कुठली करू म्हटल्यावर कोबी म्हणावं, तशी. "अगं, तुला आवडलाय का तो?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्याने बघून चालेल म्हटलंय. बाकीच्यांनी तेवढंही म्हटलं नाही." रविवारी काकूंना होकार कळवायचा ठरला.

शनिवारी दुपारी नवागामहून एक बाई तणतणत आल्या. आपल्या मुलाचं नाव त्यांनी काल पहिल्यांदाच स्वतः मोबाइलवर शोधलं होतं. "पोरी, मना आंडोरनं नाव तठे दखातच नही! पोरेसमा पहिला फारम तेनाच व्हता." ताई ऑफिसात होती. मी बाईंना पाणी दिलं आणि घरचा लॅपटॉप उघडला. पूर्ण यादीत त्यांचा मुलगा होता, पण शोध लावला की गायब. मी दुसरा तालुका निवडून पाहिला, मग तिसरा. दर वेळी सगळ्यात वरचा एकजण गळत होता. बाईंना सोमवारपर्यंत नीट करते असं सांगून घरी पाठवलं आणि मी कोड उघडला.

ती ओळ समोरच होती. शोध लावल्यावर देवी यायचीच नाही, तिचा तालुकाच रिकामा. ओळ बिचारी इमानेइतबारे पहिली नोंद उचलून बाजूला ठेवत होती. देवी नाही, तर जे कुणी पहिलं असेल ते. मुलांमध्ये पहिला या बाईंचा मुलगा. आणि मुलींमध्ये पहिली कोण, हे कळायला मला काहीच चालवून बघावं लागलं नाही. देवीच्या पाठोपाठची नोंद ताईचीच होती.

ताई घरी आली तशी मी तिला चप्पलही काढू न देता लॅपटॉपपुढे बसवलं. तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" दोन मिनिटांत तिने ती ओळ काढली आणि देवीला वगळायची अट थेट क्वेरीतच घातली. मग मी शोध लावला. मुलगी, तालुका अमळनेर. सगळ्यात वर ताईचा फोटो आला, उधन्याच्या स्टुडिओतला, थोडा अवघडलेला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे कुणी बघितलंच नव्हतं," एवढंच म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. या वेळी मी खेकसले नाही. तिला घट्ट धरून बसले.

माय खड्यांची डबी बाजूला सारून धावली. "काय व्हयनं? कोन काय बोलनं तुले?" क्वेरी न् लूप तिला कुठून सांगू? मी म्हटलं, "माय, ताईले कोनीच नही म्हनेल नही. ती कोनले दखायनीच नही." मायला ते बरोबर कळलं. तिने ताईचा चष्मा काढून आपल्या पदराने पुसला, तिचे डोळे पुसले आणि गालांवरून हात फिरवत राहिली. त्याच गालांना ती दोन वर्षं हळद लावत होती.

ताईने रविवारची वाट पाहिली नाही. तोंड धुतलं आणि काकूंना फोन लावला. "काकू, माझा नकार कळवा त्यांना." पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू येत होता. इतके दिवस कोणी विचारलं नाही, आता आलंय तर हे काय नवीन, असं काहीसं. ताईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मी कुणाला दिसलेच नव्हते, काकू," ती म्हणाली. "आता जो नको म्हणेल, तो बघून नको म्हणेल. तेवढं मला चालेल."