धुळीच्या पुढं

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून दमा होता, आणि वेड होतं ते शर्यतीच्या बैलगाडीचं. आमच्या निपाणीत घरोघरी तंबाखूची धूळ. त्या धुळीनंच तो निम्मा झाला होता. महायुद्धाच्या लढाईमुळं रॉकेल मिळेना झालं होतं, पण माळावरच्या शर्यती कुठं थांबत होत्या!

आई दर खेपेला त्याच्या मागं लागायची, "हळू हाक रं बाळा, नंबर नको आपल्याला." तो मान डोलवायचा आणि निशाण पडलं की बैल चौखूर सोडायचा. एकदा मी त्याला फाडफाड बोलले, तर म्हणाला, "आक्का, मागं राहिलेल्यानं सगळ्यांची धूळ खायाची असती. मला ती सोसत न्हाय. पुढं मोकळी हवा असती गं, म्हणून पळवतो." आईला हे सांगायचं नाही, अशी शपथही घातली.

त्या वर्षीची जत्रा ऐन उन्हाळ्यात आली. आई आणि मी शेवटच्या निशाणापाशी बाभळीखाली उभ्या होतो. पहिली गाडी आली, ती त्याची नव्हती. दुसरीही नव्हती. त्यांच्या मागं माळभर धुळीचा लोट उठला होता. त्यात ना बैल दिसत होते, ना माणूस. मी टाचा उंचावून त्या धुळीत त्याला शोधू लागले.

आईनं मात्र पदरानं तोंड पुसलं आणि कित्येक दिवसांनी हसली.

"बघितलंस? आज ऐकलं पोरानं माझं," ती म्हणाली. "हळू हाकतोय."