गाणी पक्की, हात लावू नये

अख्ख्या भिलाईत विजेवर आमच्या शेजारच्या काकांइतका अविश्वास दुसऱ्या कोणाचा नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. निवृत्तीनंतर ते दोन बोटांनी कम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले. एक ओळ झाली की कंट्रोल-एस. पंख्याचा आवाज जरा बदलला की पुन्हा कंट्रोल-एस. दाराची बेल वाजली तरी आधी सेव्ह, मग दार. सिलिंडरवाला खांद्यावर ओझं घेऊन बाहेर हाका मारायचा आणि आतून काका शांतपणे म्हणायचे, ‘‘थांब बापू, सेव्ह करून राहिलो.’’ मी नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कम्प्युटर शिकवतो, तेव्हा त्यांना हसण्याचा पहिला हक्क माझाच, असं मला वाटायचं. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

एकाच फाइलवर त्यांचा भरवसा नव्हता. रोज नव्या नावाने नवी प्रत: ‘गाणी’, ‘गाणी नवीन’, ‘गाणी पक्की’, ‘गाणी पक्की हात लावू नये’. शिवाय एक पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, दुसरा पिशवीत गुंडाळून तूरडाळीच्या डब्यात. हा दुसरा एकदा वरणात शिजता शिजता वाचला. उठून जाताना ते मॉनिटरला प्लांटमधला जुना लाल टॅग दोऱ्याने अडकवायचे. मशीन बंद करून दुरुस्ती चालू असली की असा टॅग लावायचा आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, हा नोकरीतला नियम त्यांनी घरी आणला होता. ‘‘दुसऱ्यानं काढला तं जीव जाते माणसाचा.’’ मी म्हणायचो, ‘‘काका, ही फाइल आहे, फर्नेस नाही.’’

गाणी त्यांच्या आईची. भिलाईजवळच्या नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत पाट्या वाहताना ती माउली स्वतः रचून म्हणायची; लिहिता येत नव्हतं. काकांना तुकडे आठवायचे, पूर्ण पाठ होती ती फक्त त्यांच्या थोरल्या ताईंना. ताई वर्ध्याहून फोनवर एकेक कडवं सांगायच्या आणि काका एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टिपायचे.

‘‘आयकून राहिला ना रे?’’

‘‘हो ताई. थांब, सेव्ह करतो.’’

मागच्या वर्षी ताई गेल्या. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला काका ही गाणी सगळ्या नातेवाइकांपुढे वाचणार होते.

आठवडाभर आधी त्यांनी मला बोलावलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षरं बारीक दिसत होती, तेवढी मोठी करून हवी होती. ते चहा ठेवायला आत गेले. मॉनिटरवर टॅग लटकत होता. मी तो हसत हसत काढला. मग अंगात मास्तरकी शिरली. इतक्या फाइली कशाला? शेवटची ठेवली, बाकीच्या उडवल्या, कचरापेटीही रिकामी केली. उरलेली उघडून सगळा मजकूर सिलेक्ट केला, तेवढ्यात क्लासमधून फोन आला. बोलता बोलता अंगठा स्पेसबारवर पडून सगळं पुसलं गेलं असणार. पडद्याकडे न बघता सवयीने कंट्रोल-एस दाबलं, फाइल बंद केली, आणि काकांकडून दोन्ही पेनड्राइव्ह मागून घेऊन, ते पुसून त्यांवर ती कोरी फाइल नीट उतरवून ठेवली. अक्षरं मोठी करायची राहिलीच. वर काकांना म्हणालो, ‘‘आता एकच फाइल. याला म्हणतात सेव्ह करणं.’’ त्यांनी कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात आठवला की मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पांढरा पडदा दाखवला. येत होते ते सगळे उपाय मी केले. एक ओळ परत आली नाही. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘ताईले आता कसा फोन लावू?’’

स्मृतिदिनाला कोणीतरी गाण्यांचं विचारलं. काका उभे राहिले. ‘‘माह्याच हातून पुसल्या गेलं.’’ त्यांची मुलगी सगळ्यांसमोर चिडली, ‘‘बाबा, जमत नाही तं कावून करता? याले सांगायचं ना, हा शिकलेला आहे!’’ तिचं बोट माझ्याकडे होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी चहा पीत राहिलो.

आता रविवारी ते आठवतील तशा ओळी सांगतात आणि मी टाइप करतो. नऊ झाल्या आहेत. मुलीने कीबोर्डपाशी बसू नका म्हणून बजावलंय, आणि ते खरंच बसत नाहीत. तिचा फोन आला की म्हणतात, ‘‘हो, तोच लिहून राहिला. जीव लावते बिचारा.’’ मग फोन माझ्या हातात देतात. दर वेळी ठरवतो, आज तिला खरं सांगून टाकायचं. आणि दर वेळी ‘बरं चाललंय’ एवढं बोलून फोन ठेवतो.