गिरजाच्या पायाला बांधलेलं पागोटं

लढाईच्या साली मी धाड गावात होमगार्डच्या महिला पथकात होते. शिक्षण चौथी. रविवारी सकाळी सात वाजता परेड, मग फर्स्ट एड. शिकवायला लष्करातले एक डॉक्टर कॅप्टन यायचे. फार रक्त गेलं की माणूस गार पडतो, नाडी सुटते. त्याआधी दोन्ही पाय बोटांपासून मांडीपर्यंत कसून गुंडाळून उंच धरले, तर पायातलं रक्त काळजाला मिळतं, असं त्यांचं म्हणणं. हे अजून पक्कं नाही, आपण करून बघतोय, हेही ते सांगत. आमचेच पाय बांधून नाडी मोजायला लावत.

उन्हाळ्यात गिरजा आणि मी विहीर खोदायला लावलेल्या सुरुंगांवर ड्यूटीला होतो. रस्ता अडवायचा, एवढंच काम. सुरुंग पाच. चार उडाले. पाचवा फुसका निघाला समजून गिरजाने लाल झेंडा खाली केला आणि पुढे गेली. तो उशिरा फुटला. दगडाने तिचा उजवा हात कोपराखाली चेंदला. वेळ सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं.

मी दंड आवळून बांधला. रक्त थांबलं, पण जायचं ते गेलं होतं. ओठ पांढरे, नाडी एकशे चाळीस. पट्ट्या हातालाच संपल्या. बुलढाण्याचा दवाखाना जीपने तासभर.

तिचा सासरा शेतातून धावत आला. मी त्याचं पागोटं मागितलं, कशाला तेही सांगितलं. गर्दीतला एक जण म्हणाला, "सासऱ्याचं पागोटं सुनेच्या पायाले? येडी झाली का वं?"

म्हाताऱ्याने चारचौघांत डोकं उघडं केलं. त्या माणसाला म्हणाला, "तू काऊन बोलून राह्यला बे? टोक धर." मग मला, "फाड बाई. कसून बांध."

गिरजा पुटपुटली, "मामंजी हायेत. पदर तं घे माह्या डोक्यावर."

"गप पड," मी म्हटलं. पण पदर घेतला.

दोन्ही पाय बांधून उंच धरले. दहा पस्तीसला नाडी एकशे वीस. पावणेबाराला दवाखान्यात तेवढीच. कंपाउंडर पागोटं कापायला निघाला, मी त्याचा हात धरला. म्हटलं, आधी रक्ताची बाटली लावा, मग एकेक पाय सावकाश सोडा; एकदम सोडले तर रक्त परत पायात उतरतं. डॉक्टरांनी ऐकलं. हात गेला, गिरजा जगली. हे चौथी शिकलेल्या बाईने केलं.

त्याच साली कॅप्टनसाहेब सीमेवर गेले. जखमी जवानाचे पाय बांधत असताना तोफगोळा पडून ते मारले गेले, असं पत्र आलं. पथक सावधानमध्ये उभं राहिलं. गिरजाने डाव्या हाताने सलाम केला. तसा करायचा नसतो. परेड घेणारे हवालदार समोरच होते. त्यांनी तो सलाम घेतला.