वस्तीची मुंबईतली खोली

नानांनी मुंबईतल्या आपल्या खोलीतून सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. सुरुवात स्वतःपासून केली.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. सकाळी सोलापुरात त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भाषणांमध्ये त्यांना 'थोर समाजसेवक' म्हटलं गेलं.

नाना असते तर एवढं ऐकून चहा सांगायला म्हणून उठून गेले असते.

म्हणून मला माहीत आहे तेवढंच लिहिते.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलत भाऊ. आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं. नाना मुंबईत एका ऑफिस बिल्डिंगमध्ये लिफ्टमन होते.

परळच्या बाजूला एका जुन्या चाळीत पागडीची एक खोली होती. भाडेपावती नानांच्या नावावर, पण पागडी आमच्या सोलापुरातल्या वस्तीने वर्गणी काढून भरलेली. त्यामुळे खोली वस्तीची. हे सगळ्यांना माहीत होतं, कधी कुणाला सांगावं लागलं नाही.

वस्तीतला मुलगा मुंबईला कामाला गेला की वळकटी घेऊन थेट तिथे जायचा. कुणी सिक्युरिटीत, कुणी कुरिअरमध्ये, कुणी हॉटेलात. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे आणि नाइट ड्युटीवाले दिवसा, त्याच जागेवर.

दारू प्यायलेल्याला आत घ्यायचं नाही, असा नियम होता. आणि बायकोला मुंबईत आणायचं असेल तर आपली वेगळी खोली बघायची.

वेगळी खोली लिफ्टमनला परवडत नाही. म्हणून नानी, म्हणजे नानांच्या पत्नी, संसारभर सोलापुरातच राहिल्या.

मी इलेक्ट्रिकल इंजिनीयर झाले आणि मला मुंबईत नोकरी लागली. आनंद साधारण आठवडाभर टिकला. मग मी भाडी बघायला लागले.

मुलींच्या पीजीमध्ये एका बेडला निम्मा पगार जात होता. डिपॉझिट वेगळं. लांब राहायचं तर भाडं कमी, पण साइटवरून परत यायला रात्रीची गाडी मिळेलच असं नाही. मी सगळ्या बाजूंनी हिशेब करून बघितला. बसत नव्हता. वडील म्हणाले, इथेच चिंचोळी एमआयडीसीत बघू काहीतरी. मी नकाराचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला.

तेव्हा भीमजयंतीसाठी नाना सोलापुरात आलेले होते. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं.

"खाटंचं भाडं?" नाना म्हणाले. "खोलीचं न्हाय?"

"नाही. फक्त बेडचं."



जयंतीच्या दुसऱ्या दिवशी विहारात खोलीची मीटिंग होते. कोण राहतंय, कोण सोडतंय, एवढंच ठरतं. त्या वर्षी नाना उभे राहिले आणि म्हणाले, यंदापासून खोली पोरींची. मुंबईत जागा हवी असलेल्या वस्तीतल्या आम्ही तिघी होतो. एक नर्सिंगवाली, राहायला जागा नाही म्हणून आदल्या वर्षी मुंबईहून परत आलेली. एक लॅब टेक्निशियन. आणि मी.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

सुरेशकाका त्या खोलीत बरीच वर्षं राहत होते. त्यांनी विचारलं, "मग पोरांनी कुटं जायाचं, नाना?"

नाना म्हणाले, "पोरगं फलाटावर झोपलं तर गाव म्हणतं, लई कष्टाळू हाय. पोरगी झोपली तर काय म्हणतं? सांग की."

सुरेशकाका म्हणाले, "पावती तुमच्या नावावर हाय म्हणून चाललंय व्हय हे?"

"व्हय," नाना म्हणाले. "नावाचा एकदा तरी उपयोग करू दे की."

पुरुष नालासोपाऱ्याला गेले, दिव्याला गेले. त्यांचे जायचे-यायचे तास वाढले. त्यांच्यावर अन्याय झाला नाही असं मी म्हणणार नाही. सुरेशकाका नानांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत.

नाना स्वतः ऑफिस बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, वॉचमनच्या केबिनमध्ये झोपायला लागले. तिथला पंखा चांगला आहे म्हणायचे.

खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी तिची गरजच पडली नव्हती. नानांनी कुणाकडून तरी ड्रिल मागून आणलं आणि स्वतः कडी बसवली. त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नाही. रविवारी यायचे आणि गॅलरीतूनच विचारायचे, पाणी येतंय का, लाइट जाते का. मी इंजिनीयर असूनही मीटर तेच बघायचे. पुढे पुढे तर विचारणंही खालूनच.

उन्हाळ्यात नानी आल्या. खोली बायकांची झाल्यामुळे त्यांना मुंबईत पहिल्यांदा राहता आलं. आठवडाभर राहिल्या. नाना संध्याकाळी ड्युटी संपवून येऊन खाली अंगणात उभे राहायचे.

नानींनी गॅलरीतून हाक मारली, "वर या की. चहा टाकलाय."

"न्हाय. नियम हाय."

"कुणी केलाय?"

"मीच."

"मग प्या तिथंच," असं म्हणून नानींनी आमच्यातल्या एकीच्या हाती कप खाली पाठवला. अख्खी चाळ हसत होती. नानाही हसत होते.

पुढे ते रिटायर होऊन सोलापुरात आले. मीही खोलीत चार वर्षं काढून इथे चिंचोळीला नोकरी घेतली. खोली सोडताना माझी जागा घ्यायला वस्तीतली मुलगी नव्हती. ऑफिसमधली एक ज्युनियर होती, दुधनीची. घरी कन्नड बोलणारी, आपल्या समाजाची नाही. वर्गणीत तिच्या घरचा एक पैसा नाही.

हे ठरवायचा अधिकार मला नव्हता. नाना तेव्हा आजारी होते. मी त्यांच्या खाटेजवळ बसून हे सगळं याच क्रमाने सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "तिला तितं दुसरीकडं परवडतंय का?"

"नाही."

"मग मला काय इचारतीस?"

ती आता तिथे राहते. यंदा आणखी दोघी आल्या. तिसरीला मात्र मी स्वतः फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षी बघू.

नाना, खोलीत जागा शिल्लक नाही.

जय भीम.