भरलेला हौद

जालन्यातलं आमचं घर भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा भाडेकरूने एकच गोष्ट मागितली. तो शाळेत शिक्षक, माणूस सरळ. राहायला येण्याआधी घर जसं आहे तसा व्हिडिओ काढून ठेवू, पुढे कशावरून वाद नको, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. घर भाड्याने देतोय हे मात्र मी आईला सांगितलेलं नव्हतं.

पाय मोडल्यापासून आई माझ्याकडे संभाजीनगरला आहे. पाय बरा झाला की आपल्या घरी जायचं, एवढंच तिच्या मनात. तिने आता एकटं राहू नये, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते. ते तिला सांगायची हिंमत मला झाली नाही. ती विचारायची, मी "बघू" म्हणायचो.

एका रविवारी जुन्या जालन्यातलं ते घर उघडलं आणि मोबाइल धरून खोल्यांमधून फिरलो. फरशी, पंखे, दाराच्या कड्या, स्वयंपाकघरातला ओटा. जे दिसेल ते मोठ्याने बोलत होतो. अंगणातल्या हौदावरचा नळ उघडला, तर नुसती हवा आली. नळ चालू आहे हे दाखवायला निघालो आणि काही दिवसांतून एकदाच येणाऱ्या पाण्याचा दिवस कोणता हेच विसरलो होतो. जालन्यात वाढलेल्या माणसाने हे विसरावं!

आईला फोन लावला. तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, परवा, सकाळी. एवढे दिवस दूर राहूनही तिला आमच्या गल्लीचं पाणी पाठ होतं. मग तिने विचारलं, "कामून विचारून राह्यला?"

"हौद भरायचाय," मी म्हणालो.

तिच्या आवाजातला असा हुरूप मी फार दिवसांनी ऐकत होतो. "आधी घासून घे बरं. तळाला गाळ असंल. अन् पहिलं पाणी धरू नको, गढूळ येतं."

तिला काय वाटलं ते मला कळलं होतं. तरी मी फोन ठेवला.

सांगितलेल्या दिवशी गेलो. हौदात उतरून नारळाच्या शेंडीने तळ घासला, पहिलं पाणी सोडून दिलं. मग काठावर बसून हौद भरताना बघत राहिलो. लहानपणी याच काठावर ती माझे पाय धुवायची. हौद काठोकाठ भरल्यावर राहिलेला व्हिडिओ काढला आणि आधीच्याला जोडला.

घरी आलो तर आईची पिशवी भरून पलंगाशी ठेवलेली. वर औषधांचा डबा. तिला हौद बघायचा होता. मी मोबाइल हातात दिला.

व्हिडिओ सुरुवातीपासून लागला. घर दिसताच ती हसली. मग माझा आवाज ऐकू लागली. कडी नीट लागते आहे. पंखा चालू आहे. खिडकीची काच आधीपासून तडकलेली आहे.

"हे कोणाला सांगून राह्यला?" तिने विचारलं. "काच तर म्याच फोडली. डबा काढताना."

मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचंही. ती रागावली नाही. व्हिडिओ हौदापर्यंत येऊ दिला, भरलेलं पाणी नीट पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

"मास्तरसाठी भरला व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बराबर केलं. कोरड्या हौदाचं घर कुणाला देऊ न्हाई."

भाडेकरूने तो व्हिडिओ नंतर कधी मागितला नाही. आईची पिशवी अजून पलंगाशी आहे. औषधांचा डबा तेवढा तिने बाहेर काढलाय. पाण्याच्या दिवशी ती लवकर उठते आणि "आलं असंल आता," असं म्हणते. मी तिच्याशेजारी बसून मोबाइलवर तो व्हिडिओ लावतो. माझा आवाज बंद करता येतो, पण मग पाण्याचाही जातो. म्हणून कड्या, पंखे, काच, सगळं ऐकत आम्ही हौदाची वाट बघतो.