आवाजाची जोडी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टकाका राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी फक्त कुरिअरवाला वाचतो. काकांनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली आणि स्वतः घर घेतलं ते तळमजल्यावर. कारण विचारलं तर म्हणतात, "मी सगळ्या आतून बघितल्यात हो."

या धंद्यानं काकांना एक खोड लावून ठेवली. लिफ्ट कधी एका दोरावर लटकत नाही. एक तुटला तर दुसरा असतोच. त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू एकुलती एक असली की काकांना चैन पडत नाही. टॉर्च दोन, इस्त्र्या दोन, कुलपाच्या किल्ल्या दोन आणि त्या ठेवायला डबेही दोन. या दुसऱ्या वस्तूला ते 'जोडी' म्हणतात. जोडी वापरायची नाही, नीट गुंडाळून कपाटात ठेवायची, असा त्यांचा कायदा. काकू म्हणायच्या, "बायकोची जोडी आणली नाहीत, हीच कृपा!" आणि हे त्या अशा आवाजात म्हणायच्या, की वर आमच्या घरात आम्ही हसायचो.

काकूंचा आवाज ही इमारतीची सार्वजनिक सोय होती. पाणी जाणार आहे, फाटकात कुणी गाडी आडवी लावली आहे, कुणाचं दूध उतू चाललंय, हे सगळं आम्हाला त्या आवाजातून कळायचं. दारावरची बेल काकांनी कधी बसवलीच नाही. म्हणायचे, "घरात एक आहे तेवढी पुरे." जोडीचा कायदा त्यांनी मोडला तो एवढा एकदाच.

निवृत्त झाल्यावर काकांच्या घरी कॉम्प्युटर आला आणि मग काका घरातल्या डीव्हीडींच्या मागे लागले. लेकीचं लग्न, एक सहल, काकांचा निरोपसमारंभ. प्रत्येकीची जोडी व्हायलाच हवी! आधी मूळ डीव्हीडी आत सारायची, कॉम्प्युटर ती सावकाश वाचून घ्यायचा. मग ती काढून कोरी घालायची, की तो लिहायला बसायचा. तो लिहीत असताना घरात मोठ्यानं पाऊल टाकायला बंदी होती. काका खुर्चीत बसून, कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवून, आतली घरघर ऐकत राहायचे. काकू स्वयंपाकघरातून चवड्यांवर चालत यायच्या आणि विचारायच्या, "झाला का बाळंत?"

एकदा वरच्या मजल्यावरचा कुणीतरी दुकानातून भाड्यानं आणलेला सिनेमा घेऊन आला. "काका, याची पण एक काढून द्या."

"तुझा आहे का?"

"नाही, उद्या परत करायचाय."

"मग परत कर. घरच्या वस्तूची जोडी करतात, बाबा. लोकांच्या नाही."

प्रत्येक वेळी लिहून झालं की कॉम्प्युटर शेवटी विचारायचा, डीव्हीडी बंद करू का? एकदा बंद केली की तिच्यात पुढं काही भरता येत नाही, एवढं काकांना समजलं होतं. लग्नाच्या डीव्हीडीत बरीच जागा उरली होती. काकांनी 'नाही'वर बोट दाबलं. "बंद कशाला करायची? उद्या नातवंडं झाली तर यातच मावतील." काकूंनाही ते पटलं, म्हणजे विषय संपला. ती जोडी मऊ कापडात गुंडाळून काकूंच्या चांगल्या शालीखाली गेली.

पुढं नवा कॉम्प्युटर आला. जुना अर्थातच जोडी म्हणून राहिला. बाल्कनीत त्याच्यावर एक कापड पडलं, कापडावर एक कुंडी आली. काकू रोज कुंडीला पाणी घालताना त्याचा उद्धार करायच्या.

आणि मग काकूंच्या घशात काहीतरी निघालं. ऑपरेशन झालं. काकू सुखरूप घरी आल्या, आवाज आला नाही. उरली ती नुसती कुजबुज, ओठांशी कान नेला तरच ऐकू येणारी. पण काकू हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी स्टीलचा चमचा हातात घेतला. ताटलीवर एक ठोका म्हणजे इकडे या. दोन म्हणजे नाही. त्याहून जास्त म्हणजे नवरा-बायकोची खासगी बाब.

दुपारी काकूंचा डोळा लागला की काका टीव्हीचा आवाज अगदी लहान करून लग्नाची डीव्हीडी लावायचे. सगळी नाही, एकच जागा. लावण्याआधी ती पुसायचे. हाताशी असायचा तो कामावरचा जुना फडका, ज्यानं त्यांनी जन्मभर ग्रीस पुसलं होतं. गोल गोल, मायेनं, दाबून. काकूंना हे माहीत होतं. त्या डोळे मिटून पडून राहायच्या.

काकांची नात आत्ताआत्ता शाळेत जायला लागली आहे. ती जन्मली तेव्हा काकूंचा आवाज गेलेलाच होता. परवा सुट्टीत ती आईबरोबर आली. मी वर्तमानपत्र द्यायला खाली गेलो होतो, तेव्हा पोरीनं सहज विचारलं, "आजोबा, आजीला पहिल्यापासून आवाजच नव्हता का?"

काका ताडकन उठले. "आजीला? आवाज नव्हता? अगं, दोन मजल्यांमध्ये अडकलेली लिफ्ट तुझ्या आजीच्या हाकेनं खाली आली असती!"

"मग कसा होता?"

आता काकांना आवाज काढून दाखवता येईना. त्यांनी लग्नाची डीव्हीडी काढली, पुसली आणि लावली. पडद्यावर चौकोन नाचले, लेकीचं अर्धं तोंड दिसलं आणि चित्र थिजलं. पुन्हा पुसली. आता तर चौकोनही आले नाहीत. मी उजेडात धरून पाहिली; चरेच चरे, सगळे गोल.

"बाबा, कशानं पुसता हो ही?" लेकीनं विचारलं. काकांनी फडका पाठीमागं लपवला.

पण काका घाबरले नाहीत. जोडी होती ना! शालीखालून कापडातली डीव्हीडी आली, एकही चरा नसलेली. प्लेअर म्हणाला, डिस्क नाही. आमच्या घरच्या प्लेअरनंही तेच सांगितलं. नव्या कॉम्प्युटरनं तर ती कोरी ठरवली. काकांनी ती बाहेर काढून हातात घेतली. "म्हणजे मी कोरीच जपून ठेवली की काय?" असं म्हणून त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. काकूंचा चमचा हातातच राहिला.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बसतो. काका चपला उलटसुलट घालून त्याच्याकडे निघाले, मागून मी. त्यानं डीव्हीडी उलटी करून दिव्याखाली तिरपी धरली.

"काका, कोरी नाही ही. हे बघा, इथपर्यंत रंग गडद आहे. तेवढं लिहिलेलं आहे. शेवटी बंद केली होतीत का?"

"नाही. नातवंडांसाठी जागा ठेवली होती."

त्यानं डीव्हीडी काकांच्या हातात परत दिली. मग हळूच म्हणाला, "बंद न केलेली डीव्हीडी परक्या मशीनला बहुधा वाचता येत नाही. ज्यानं लिहिली त्याला येईल कदाचित. तो कॉम्प्युटर आहे का अजून? की भंगारात घातलात?"

"भंगारात?" काका म्हणाले. "मी?"

कुंडी उतरली, कापड निघालं, धूळ उडाली, सगळे शिंकले. कॉम्प्युटर खोकत खोकत सुरू झाला, पण डीव्हीडीचा कप्पा काही बाहेर येईना. लेक म्हणाली, "संपलं." काकांनी वाकून पाहिलं. कप्प्याखाली टाचणीएवढं भोक होतं. "लिफ्टच्या दारालाही असतं असं, बाहेरून उघडायला." त्यांनी एक पिन सरळ करून आत घातली, अंदाज घेत दाबली. कप्पा जरासा पुढं आला. बाकीचा त्यांनी दोन बोटांनी ओढला, डीव्हीडी ठेवली आणि आत सारली.

घरघर सुरू झाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. काकांचा हात सवयीनं कॉम्प्युटरच्या पाठीवर गेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

पडद्यावर हॉल उजळला. नवरानवरी निघायच्या बेतात, माणसं डोळे टिपताहेत, आणि नवरीचा बाप? तो लांब कोपऱ्यात, हॉलच्या लिफ्टचं दार उघडून आत डोकं घालून उभा. तेवढ्यात सगळ्या गलक्यावरून, भिंतीला तडा जाईल असा आवाज आला:

"अहो! मुलगी चाललीय तुमची, लिफ्ट नाही! इकडे या!"

"आलो, आलो!" काका म्हणाले.

पडद्यावरचे नव्हेत, इथले. ते खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालेही होते. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं. समोर काकू उभ्या होत्या. त्या हसत होत्या, खांदे हलत होते, आवाज अजिबात येत नव्हता. लेक तोंड फिरवून नाक पुसू लागली.

"परत लावा!" नात ओरडली. परत लावलं. मग आणखी परत. हळूहळू पोरगी पडद्याच्या आधीच म्हणायला लागली, तोच हेल, तोच 'अहो'वरचा जोर, कमरेवर तसाच हात.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या डीव्हीडीच्या आणखी प्रती काढल्या आणि त्या कॉम्प्युटरवाल्याच्या देखरेखीखाली नीट बंद केल्या. एक लेकीला दिली, एक मला ठेवायला दिली, फडक्याला हात न लावण्याची शपथ घेतली. जुनी मात्र तशीच उघडी ठेवली आहे. मी म्हटलं, "काका, हिलाही करून टाका ना बंद." त्यांनी काकूंकडे पाहिलं. चमच्याचे दोन ठोके पडले.

सुट्टी संपेपर्यंत चमच्याला तेवढंच काम होतं. काकू नातीला जवळ ओढून तिच्या कानात काहीतरी कुजबुजायच्या, पोरगी जिन्यापाशी येऊन छाती भरून श्वास घ्यायची, आणि वरच्या मजल्यावर आमच्या घरात ऐकू यायचं, "अहो! फाटकात काय बघत उभे राहिलात? जेवायला चला!"

आणि खालून लगबगीनं, "आलो गं, आलो!"